सुपरहिरो भिंतदिवे

सुपरहिरो भिंतदिवे हे चित्रकथा व चित्रपटांतील महानायकांच्या आकृती, आयुधे किंवा चिन्हे यांच्या आकारात बनवलेले, भिंतीवर बसवायचे शोभेचे दिवे होत. ते प्रामुख्याने मुलांच्या खोलीत रात्रदिवा म्हणून वापरले जातात. दिवा भिंतीवर असल्याने जमिनीची किंवा मेजाची जागा अडत नाही, म्हणून लहान घरांत व एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत ते सोयीचे ठरतात. त्यांची उपयुक्तता आकारापेक्षा प्रकाशाचा रंग, प्रखरता, बसवण्याची उंची आणि विद्युत सुरक्षितता यांवर अधिक अवलंबून असते.

पूर्वपीठिका

भिंतीत दिवा ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. जाड मातीच्या किंवा दगडी भिंतींत पणती ठेवण्यासाठी लहान कोनाडा सोडला जाई. त्याला दिवळी म्हणत. दिवळीमुळे दिवा वाऱ्यापासून सुरक्षित राही, पायात येत नसे आणि लहान मुलांच्या हाती लागत नसे. रॉकेलचा वापर वाढल्यावर दिवळीत चिमणी आली, तर खुंटीला कंदील टांगला जाऊ लागला.

कंदिलाला काच लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील काच कारखान्यांच्या उत्पादनात दिव्यांच्या काचांना मोठे स्थान होते. मावळ तालुक्यातील आंबी या गावापासून जवळच असलेल्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून प्रत्येकी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली होती आणि लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता. कारखान्यात उत्पादनाबरोबर तरुणांना काचकामाचे शिक्षणही दिले जाई.

घरोघरी वीज पोहोचल्यावर रात्रभर मंद उजेड देणारा ‘झिरोचा बल्ब’ रूढ झाला. नावात शून्य असले तरी हा तारेचा बल्ब साधारणतः १५ वॅट वीज वापरतो. जुन्या मीटरवर इतक्या कमी वापराची नोंद नीट होत नसल्याने त्याला हे नाव पडले, असे सांगितले जाते.

महानायक आणि प्रकाश

सुपरमॅन १९३८ मध्ये आणि बॅटमॅन १९३९ मध्ये अमेरिकी चित्रकथांतून वाचकांपुढे आले. कॅप्टन अमेरिका १९४१ चा असून हल्क, थॉर व स्पायडरमॅन ही पात्रे १९६२ मधील आहेत. यांपैकी बॅटमॅनचा दिव्याशी थेट संबंध आहे. संकटाच्या वेळी त्याला बोलावण्यासाठी आकाशात वटवाघळाच्या आकाराचा झोत टाकला जातो. हा संकेतदीप १९४२ मध्ये कथांत प्रथम आला. आयर्न मॅनच्या छातीवरील चमकते यंत्र हेही दिव्यांच्या रचनेत वारंवार वापरले जाणारे रूप आहे.

भारतात दूरदर्शनवरील ‘शक्तिमान’ या मालिकेने १९९७ पासून महानायकाची कल्पना घराघरांत नेली. २००४ मध्ये स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचा नायक पवित्र प्रभाकर हा मुंबईत राहणारा मुलगा आहे.

रचना व प्रकार

आधुनिक भिंतदिव्यांत एलईडी वापरतात. निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा प्रकाश देणारे, कमी विजेवर चालणारे दिवे शक्य झाले. या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडी फारसा तापत नसल्याने तो प्लास्टिकच्या कवचात बसवता येतो.

सुपरहिरो भिंतदिव्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात.

उठावाचे दिवे : हल्कची मूठ, थॉरचा हातोडा किंवा कॅप्टन अमेरिकाची ढाल भिंत फोडून बाहेर आल्याचा भास यांत निर्माण केला जातो. त्यासाठी दिव्यामागे भिंतीला तडे गेल्याचे चित्र असलेला स्टिकर लावतात. असे दिवे बहुधा पेन्सिल सेलवर चालतात.

चिन्हदिवे : यांत महानायकाचे बोधचिन्ह सपाट पेटीवर असते आणि प्रकाश कडांमधून भिंतीवर पसरतो.

झोतदिवे : हे चिन्हाची सावली किंवा आकृती समोरच्या भिंतीवर वा छतावर पाडतात.

लहान खोलीतील उपयोग

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या एकमेव खोलीचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर असावे लागते. मुंबईतील बीडीडी चाळींतील खोल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या, म्हणजे जवळपास १५ चौरस मीटरच्या होत्या. अशा ठिकाणी मुलांची स्वतंत्र खोली नसते. त्यामुळे रात्रदिवा घरातील सर्वांच्या झोपेवर परिणाम करतो. दिव्याचा प्रकाश थेट डोळ्यांवर न येता भिंतीवरून परावर्तित होईल अशी जागा योग्य मानली जाते. पलंगाच्या उशाच्या वर जड दिवा लावणे टाळतात. फिकट रंगाची भिंत मंद प्रकाशही पुरेसा पसरवते.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून, प्लग ठोकून स्क्रूने दिवा बसवणे टिकाऊ असते. दुहेरी चिकटपट्टी चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या पापुद्र्यासह निघून येऊ शकते. लोणावळा व मावळाच्या पश्चिम भागात पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तिथे ही अडचण वाढते आणि सेलच्या पट्ट्यांवर गंजही चढतो.

एक वॅटचा एलईडी रोज दहा तास लावल्यास वर्षाला सुमारे ३.६५ युनिट वीज लागते. तेवढ्याच वेळासाठी १५ वॅटचा बल्ब सुमारे ५५ युनिट घेतो.

झोप व डोळे यांवरील परिणाम

डोळ्यांच्या पडद्यातील काही पेशी निळ्या प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात. त्या उद्दीपित झाल्यास झोपेशी निगडित असलेल्या मेलॅटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. हा परिणाम प्रौढांपेक्षा मुलांत अधिक दिसून आला आहे. त्यामुळे रात्रभर लावण्यासाठी निळ्या किंवा शुभ्र पांढऱ्या दिव्यापेक्षा मंद पिवळसर, नारिंगी किंवा तांबडा दिवा बरा ठरतो. ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारी सोय असल्यास मूल झोपल्यावर खोलीत अंधार राहतो.

दोन वर्षांच्या आतील मुले दिव्याच्या उजेडात झोपल्यास त्यांना पुढे लघुदृष्टिदोष होतो, असा संबंध १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील एका अभ्यासात सुचवला गेला होता. २००० मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या दोन अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. लघुदृष्टी असलेले आईवडील मुलांच्या खोलीत दिवा अधिक वेळा लावतात, तसेच हा दोष आनुवंशिकही असतो, ही बाब त्यांतून पुढे आली.

सुरक्षितता

दिवा खेळण्यासारखा दिसत असल्याने मुले तो काढून हाताळण्याची शक्यता असते. बटण सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी मुलाला तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. म्हणून सेलच्या कप्प्याला स्क्रूने बंद होणारे झाकण असावे. बटण सेलच्या कप्प्यांबाबत अमेरिकेत २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. थेट विजेवर चालणाऱ्या दिव्याची वायर पाळण्याजवळ लोंबकळू देऊ नये.

भारतात खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. विजेच्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होते. शोभेचा दिवा म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू खेळण्यांत मोडतेच असे नाही. त्यामुळे खरेदी करताना वेष्टनावरील मानकचिन्ह, वॅटक्षमता व वयोमर्यादा पाहणे महत्त्वाचे असते.

परवाना व नकला

महानायकांची चित्रे व चिन्हे कॉपीराइट व व्यापारचिन्ह कायद्यांनी संरक्षित आहेत. अधिकृत उत्पादक मूळ कंपन्यांकडून परवाना घेतात व वेष्टनावर तसा उल्लेख करतात. विनापरवाना नकलांवर निर्मात्याचे नाव नसल्यास सदोष दिव्याबद्दल दाद मागणे ग्राहकाला अवघड जाते.