कोळशाची मोटार

२०२१ साली पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांची वेस ओलांडली, त्या दिवसांत आमच्या शिक्षकखोलीत दुसरा विषयच नसे. आम्हा चौघा मास्तरांपैकी तिघे रोज मोटारसायकलीने येणारे. माझेच अंतर जाऊन-येऊन शहात्तर किलोमीटर, वाट बहुतेक जंगलातली. कोणी म्हणे, आता सायकल काढावी. कोणी म्हणे, एका गाडीवर दोघांनी यावे. आणि विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे, की पेट्रोलवाचून मोटार चालवण्याची युक्ती कोणीतरी काढल्यावाचून आता सुटका नाही. मी त्याला म्हटले, "गुरुजी, ती युक्ती निघाली होती. या आपल्या वाटेवरूनच तशा मोटारी गेलेल्या आहेत." त्याला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

मी मॅट्रिकच्या वर्गात होतो तेव्हा आमच्या आळीत एक म्हातारे गृहस्थ राहत. आम्ही पोरे त्यांना आबाजी म्हणत असू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, ते चांद्याहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाणाऱ्या एका खाजगी मोटारीवर क्लीनर होते. तेव्हा जिल्हा एकच, चांदा. त्यातून गडचिरोली वेगळा निघाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. वैनगंगेवर आजच्यासारखे पूल नव्हते, पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की वाट बंद, आणि ज्याला मोटार परवडत नसे तो बैलबंडीने किंवा पायी जाई. अशा मुलखात मोटार ही लग्नाच्या वरातीइतकी पाहण्याची वस्तू. पण आबाजींच्या मोटारीकडे लोक पाहत ते वेगळ्या कारणासाठी. तिच्या पाठीला माणसाच्या उंचीचे एक लोखंडी पिंप बांधलेले होते आणि त्यातून धूर निघत असे.

ही कोळशाची मोटार. आजच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी तिचे नाव ऐकले असेल, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो.

युद्ध सुरू झाले १९३९ च्या सप्टेंबरात. हिंदुस्थानात पेट्रोल मोजून मिळू लागले १९४१ साली. त्याची कुपने निघाली. पुढे जपान युद्धात उतरला आणि १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले. ब्रह्मदेशच्या तेलविहिरींवर आपला मोठा आधार होता, तो एकाएकी तुटला. उरलेसुरले पेट्रोल आधी लष्कराला, मग सरकारी कामांना. त्याच वर्षी १६ ऑगस्टला आमच्या जिल्ह्यातले चिमूर पेटले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे; त्या धामधुमीत साध्या उतारूंच्या मोटारीला कोण विचारतो? पेट्रोल महाग झाले असे तेव्हा म्हणता येत नव्हते, कारण महाग वस्तू निदान मिळते तरी. मोटारमालकांपुढे दोनच मार्ग उरले होते. एक, मोटार छपराखाली उभी करून तिच्यावर गोणपाट टाकणे. दुसरा, पाठीवर पिंप बांधणे.

पिंपाची युक्ती काही आपली नव्हे. १९२० नंतरच्या दशकात आल्सेसमधील जॉर्ज एंबर नावाच्या शोधकाने लाकडापासून जळाऊ वायू काढून त्यावर मोटार चालवण्याची भट्टी सिद्ध केली होती. युद्धात सारे युरोप तेलावाचून तडफडू लागले तेव्हा तिला भलताच भाव आला. युद्ध संपत आले त्या सुमारास एकट्या जर्मनीत अशी सुमारे पाच लाख वाहने होती, आणि लहानशा स्वीडनमध्ये सत्तर हजारांवर. आपल्याकडे लाकडाऐवजी लाकडी कोळसा वापरीत, कारण लाकडातून डांबरासारखा चिकटा सुटतो आणि तो इंजिनाच्या झडपा धरून ठेवतो.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. चांदा जिल्हा दगडी कोळशावर बसलेला. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकातच चालू होती, बल्लारपूरची नंतरची. तरीही या मोटारीला खाणीतला कोळसा चालत नसे! त्यातही डांबर, शिवाय गंधक, आणि राखेचे दगडासारखे गठ्ठे होऊन जाळी बुजून जाई. तेव्हा पायाखालचा कोळसा टाकून मोटारमालक जंगलाकडे वळले. धावडा, ऐन अशा जड लाकडाचा कोळसा त्यांना हवा असे. तो सावकाश जळतो आणि भुगाही कमी होतो.

आता हे यंत्र चाले कसे, ते आबाजींच्या दिनक्रमावरून सांगतो. मला ते तसेच समजले. रसायनशास्त्र माझे मॅट्रिकपुरतेच आहे.

सकाळी साडेसहाची मोटार असली की क्लीनर चारला उठे. आकडीने कालची राख खाली ओढायची, अर्धवट जळालेला कोळसा चाळून घ्यायचा, वर नवा कोळसा ओतून झाकण घट्ट बसवायचे. खालच्या तोंडाशी तेलाचा बोळा पेटवून धरायचा आणि हाताने फिरवायचा पंखा चालू करायचा. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे, थंडीच्या दिवसांत त्याहून अधिक. हात भरून येत. मग वायूच्या नळीच्या तोंडाशी काडी ओढून पाहायची. नुसता धूर आला तर पुन्हा पंखा. ज्योत निळसर आणि स्थिर जळू लागली म्हणजे ड्रायव्हरसाहेबांना उठवायला जायचे.

पिंपात हवा मोजकीच जात असे. कोळसा मोकळ्या हवेत पुरता जळून जातो, पण येथे तापलेल्या कोळशाच्या जाड थरातून वायूला जावे लागते आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. तोच पुन्हा जळू शकतो. तो थंड करायचा, कापडाच्या किंवा काथ्याच्या गाळणीतून राख काढून टाकायची आणि हवेत मिसळून इंजिनाला पाजायचा. पण या वायूत निम्म्याहून अधिक भाग नायट्रोजनचा, म्हणजे नुसता पाहुणा. जेवायला बसतो, कामाला उठत नाही. त्यामुळे इंजिनाची ओढ तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने घटे. चढ आला की उतारू खाली उतरत. धडधाकट पुरुष मागून ढकलत, बाया मुले काखेला मारून चालत वर जात. वर पोचेपर्यंत ढकलणाऱ्यांची धोतरे काजळीने माखलेली असत. आबाजी म्हणायचे, "गाडी आपल्याले नेत नोहती बापू, आपूनच गाडीले नेत होतो."

एवढे सांगून ते हसत. एक गोष्ट मात्र ते हसून सांगत नसत. हा वायू विषारी, आणि शुद्ध स्थितीत त्याला वास नसतो. पावसात कुडकुडणारा क्लीनर ऊब म्हणून बंद छपरीत मोटारीच्या मागच्या अंगाला निजला की संपलेच. आबाजींच्या बरोबरीचा एक पोरगा असाच गेला. सकाळी त्याचा चेहरा गुलाबी दिसत होता, म्हणून प्रथम कोणाला शंकाही आली नाही. त्याचा बाप दोन दिवसांनी गावाहून आला, मोटारीनेच. मालकाने त्याच्याकडून तिकीट घेतले नाही, याची त्या काळी मोठी वाखाणणी झाली म्हणे.

असो. मोटारमालकांना पेट्रोलपेक्षा कोळसा स्वस्त पडे असे सगळे सांगतात. स्वस्त कसा पडे, याचा हिशेब मी मास्तरकीच्या सवयीने एकदा मांडून पाहिला. एक लिटर पेट्रोलच्या जागी सुमारे दीड किलो लाकडी कोळसा लागतो. जंगलातल्या मातीने लिंपलेल्या भट्टीत पाच भाग लाकूड जाळावे तेव्हा एक भाग कोळसा पडतो. म्हणजे एका लिटरला सात-साडेसात किलो लाकूड. त्या वेळच्या मोटारीने दिवसात साठ मैल तोडले आणि गॅलनला दहा मैल धरले, तर तिला दिवसाला दोनशे किलो लाकूड लागे. जुन्या मापाने पाच मणांवर. ही एका मोटारीची एका दिवसाची न्याहारी.

आणि ते लाकूड तोडणारा, रचणारा, भट्टीवर माती लिंपून आठवडाभर राखण करणारा माणूस कोण? बहुधा गोंड किंवा माडिया, कंत्राटदाराच्या मजुरीवरचा. भट्टीला भेग पडून हवा शिरली की सारा माल राख, म्हणून तो रात्री झोपत नसे. मोटारीत तो बसल्याचे आबाजींना आठवत नव्हते. युद्धाच्या त्या वर्षांत देशभरच्या जंगलांची तोड ठरलेल्या योजनेहून पुष्कळ अधिक झाली, हे तर वनखात्याच्या इतिहासात नमूद आहे. रेल्वेचे स्लीपर, बराकी, पूल यांपुढे मोटारीचा कोळसा म्हणजे किरकोळ बाब खरी. पण ज्याला आपण स्वस्त म्हणतो ते कोणाच्या तरी अंगावर काढलेले असते, एवढे त्या पाच मणांनी मला शिकवले.

युद्ध संपले, रेशन लगेच उठले नाही, पण हळूहळू पेट्रोल सुटे झाले आणि पिंपे एका दमात भंगारात गेली. कोणालाही त्यांचे वाईट वाटले नाही. पहाटे चारला उठून पंखा फिरवणे हा काही संस्कृतीचा ठेवा नव्हे, आणि जुने ते सारे सोने असे मानणाऱ्यांपैकी मीही नाही.

दुसरी एक वाट त्या काळीही होती. आमच्या जिल्ह्याच्या पलीकडच्या काठाला निजामाचे राज्य. तेथे मोहाच्या फुलांपासून मोटारीचे स्पिरिट काढण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेला आहे. मोहफूल म्हणजे या जंगलातल्या गरिबाचे उन्हाळ्यातले अन्न, औषध आणि दारू. ते मोटारीनेही चाखले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये पेट्रोलात मद्यार्क मिसळण्यासाठी केंद्राने कायदाच केला. तो पुढे बराच काळ कागदावर निजून राहिला. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला तेव्हा ब्राझीलने १९७५ पासून उसाच्या मद्यार्कावर मोटारी चालवण्याचा मोठा घाट घातला आणि तो तडीस नेला. आपण जागे झालो ते उशिरा. पण एकदा जागे झाल्यावर धावलो: पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल २०२२ मध्ये झाले, वीस टक्के २०२५ मध्ये.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तेव्हा येथे उजळ माथ्याने मद्यार्क पिण्याची मुभा असलेली एकटी माझी मोटारसायकलच. ती पिते आणि पूर्वीपेक्षा थोडे कमी अंतर जाते, कारण इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. मेकॅनिक नाक मुरडतो. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

इथेनॉल ऊस-मळीचे होते, मक्याचे होते आणि तांदळाचेही होते. सरकारी कोठारातला तांदूळ त्यासाठी देण्यास २०२० साली मान्यता मिळाली, २०२३ च्या जुलैत ते देणे थांबले, नंतर पुन्हा सुरू झाले. आमचा मुलूख धानाचा, म्हणून ही बातमी येथे कान टवकारून वाचली जाते. धानाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले तर शेतकऱ्याला नको आहे काय? कोठारात किडणाऱ्या तांदळापेक्षा टाकीत गेलेला बरा, असेही शहाणी माणसे म्हणतात, आणि ते खोटे नाही.

पण हिशेबाची खोड जात नाही. एक लिटर इथेनॉलला सव्वादोन किलोच्या आसपास तांदूळ लागतो. माझ्या रोजच्या येरझारीला दीड लिटर पेट्रोल, त्यात तीनशे मिलिलिटर इथेनॉल. ते सारे तांदळाचेच असेल असे नाही, पण असले तर त्या दिवशी माझी गाडी पावणेसातशे ग्रॅम तांदूळ खाते. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. मला शाळेत पोचवून परत आणायला जवळजवळ सात मुलांचे जेवण! दुपारी पंगत बसते तेव्हा वाढपी बाई डाव भरून भात घालते आणि माझी नजर उगाच छपरीत उभ्या केलेल्या गाडीकडे जाते.

विज्ञानाच्या गुरुजींनी गेल्या वर्षी विजेची स्कूटर घेतली. आवाज नाही, धूर नाही, पंपावर उभे राहणे नाही. मी त्यांना विचारले, वीज कोठून येते? म्हणाले, भिंतीतून. मग स्वतःच हसले. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचे, आणि ते चालते दगडी कोळशावर. १९४२ साली मोटारीने जो नाकारला होता तोच कोळसा आता तारेतून स्कूटरपर्यंत पोचतो. तार तुटली, की वादळाच्या दिवसांत दोन-दोन रात्री आमच्याकडे वीज नसते. तेव्हा गुरुजी माझ्या मागे बसून येतात आणि पेट्रोलचा निम्मा पैसा देतात.

आबाजी जाऊन वीस वर्षांवर झाली. त्यांच्या मोटारीचे पिंप मालकाने भंगारात घातले नव्हते. मजुरी थकली होती, तिच्या बदली त्यांनाच दिले होते. ते अजून त्यांच्या घरच्या पडवीत आहे. परवा मी गेलो होतो तेव्हा त्यांच्या सुनेने झाकण उचलून दाखवले. आत गळ्यापर्यंत वाळलेली मोहफुले भरलेली होती. उंदीर लागत नाही, म्हणाली.