हातचा

मनमाड जंक्शनवर एके काळी दोन रुंदींचे रूळ येऊन मिळत. मुंबईकडचा ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. निजामाच्या मुलखातून औरंगाबादवरून येणारा मीटरगेज १००० मिलिमीटरचा. मराठवाड्यातला माल मुंबईला जायचा तर हमाल तो एका वाघिणीतून दुसरीत भरत. नव्वदच्या दशकात गेज बदलले आणि हा खटाटोप थांबला. संगणकात मात्र असाच खटाटोप अजून चालतो. तिथे माल असतो आकड्यांचा.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. वेळ, डिस्क, मेमरी यांचा हिशेब त्याच्याकडे. यंत्राच्या रुंदीत आकडा मावला नाही, की तो दोन डब्यांत भरावा लागतो. १९७१ मध्ये युनिक्सची पहिली आवृत्ती चालली ती १६ बिटांच्या पीडीपी-११ यंत्रावर; वेळ ३२ बिटांत, म्हणजे सुरुवातीपासूनच दोन डब्यांत. मोजणी सेकंदाच्या साठाव्या भागाची असल्यामुळे सव्वादोन वर्षांतच जागा संपायची. पुढे १ जानेवारी १९७० पासूनचे पूर्ण सेकंद मोजायला सुरुवात झाली.

दोन डब्यांची बेरीज आपण शाळेत शिकलो तशीच होते: आधी उजवीकडची, मग हातचा घेऊन डावीकडची. घोटाळा होतो वाचताना. १९९ चे २०० होत असताना कुणी आधी डावीकडचा १ वाचला, तेवढ्यात हातचा सरकला, आणि मग उजवीकडचे ०० वाचले, तर हाती येतात १००! म्हणून लिनक्सचा कर्नल अशा आकड्यासोबत एक क्रमांक ठेवतो. वाचताना तो बदललेला दिसला, की वाचन पुन्हा पहिल्यापासून. भागाकार त्याहून किचकट. ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांच्या भागाकारासाठी एरवी बाहेरची मदत घेतात. कर्नलला ती मिळत नाही, म्हणून त्याने स्वतःची रीत बाळगली आहे.

एवढी यातायात का, हे २०१५ मध्ये दिसले. बोइंग ७८७ विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर एक मोजणी भरून जनित्रांचे नियंत्रक एकदम बंद पडतील, असे आढळले. अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाला आदेश काढावा लागला. कवितेत एखादी मात्रा जास्त झाली तर ओळ अडखळते, एवढेच. इथे वर माणसे बसलेली असतात.

६४ बिटांची जागा किती? बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दुप्पट, ही गोष्ट इब्न खल्लिकानने तेराव्या शतकात लिहून ठेवली. सगळ्या ६४ घरांतले दाणे मिळून होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. ६४ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा नेमका हाच. मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामात त्याचा एक कोपराही मावणार नाही.

२०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांनाही कर्नलमध्ये ६४ बिटांची वेळ मिळाली. पण कर्नल रुंद झाला, तरी वरचे प्रोग्रॅम आणि साठवलेल्या फायली आपोआप रुंद होत नाहीत. कुठे कुठे बसवलेले छोटे संगणक तर वर्षानुवर्षे कुणी उघडतही नाही. जिथे जुनी मोजणी राहील, तिथे १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ उजाडेल.