ॲपमध्ये बीएमआय हिरवा, मग रिपोर्ट लाल कसा?

मागच्या दिवाळीत वरोऱ्याला घरी होतो. हेल्थ चेकअप बरेच दिवस राहिला होता, म्हणून गावातल्याच एका लॅबमध्ये रक्त देऊन आलो. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. टोटल कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३३, ट्रायग्लिसराइड ४१८. आणि एलडीएलच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

मी सॉफ्टवेअरवाला. पहिला विचार हाच आला की यांच्या पीडीएफमध्ये बग आहे. फोन लावला, जरा चढ्या आवाजात विचारलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "भाऊ, ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की आम्ही एलडीएल देत नाही. आणि तुम्ही उपाशीपोटी आला होता का?"

नव्हतो आलो. तर्री पोहे खाऊन गेलो होतो.

बग नव्हताच. पण त्या रेघेमुळे मी जे शोधत बसलो, ते फोनमध्ये हेल्थ ॲप असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं वाटतं.

एलडीएल मोजत नाहीत, काढतात

बहुतेक साध्या लिपिड रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे ज्याला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो ते, थेट मोजलेलं नसतं. ते गणिताने काढतात. सूत्र १९७२ चं, फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं: टोटलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून तेही वजा करा. बस्स. एका ओळीचा कोड.

हा '५' म्हणजे एक अंदाज आहे. ट्रायग्लिसराइड वाढत गेलं की अंदाज चुकत जातो आणि एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसू लागतं. माझे आकडे घालून बघा: २१२ वजा ३३ वजा ८३.६, उत्तर ९५. रिपोर्टमध्ये ९५ छापून आलं असतं तर मी खुश होऊन फोन खिशात टाकला असता. म्हणून ४०० च्या वर हे सूत्र वापरायचं नाही असा नियम आहे. (२०१३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १३ लाखांहून जास्त लोकांच्या तपासण्यांवरून या ५ ऐवजी माणसागणिक बदलणारा आकडा सुचवला. पण जुनं सूत्र अजून भरपूर ठिकाणी चालू आहे.)

पण मी तर बारीक आहे!

उंची १७० सेंटिमीटर, वजन ६४ किलो. ॲपने बीएमआय २२.१ दाखवला, हिरव्या पट्ट्यात. भारतीयांसाठी २३ च्या आत ठीक धरतात, त्यातही मी बसतो. मग हे काय?

याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलमधले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट' या साप्ताहिकात एक छोटंसं टिपण छापलं. दोघांचा फोटो, आणि दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण डेक्सा स्कॅनमध्ये युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दोघांची आडनावं इंग्रजी 'वाय'ने सुरू होतात, म्हणून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. युडकिन मॅरेथॉन धावणारे, आणि याज्ञिकांनी स्वतःबद्दल लिहिलं की आपली धाव म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. स्वतःचं शरीर असं जगापुढे मांडणारा शास्त्रज्ञ मला तरी फार आवडला.

बीएमआयच्या सूत्रात इनपुट दोनच आहेत, उंची आणि वजन. ६४ किलोत स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे साठली आहे, हे ॲपला कळायचा मार्गच नाही.

ही गोष्ट फक्त आळसाची नाही. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साधारण ३.५. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. पुढे २००२ मध्ये पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर वजनाने लहान असूनही पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त निघालं. म्हणजे फॅक्टरी सेटिंगच वेगळी. सेटिंग बदलता येत नाही असं नाही, पण ती माहीत हवी.

इन्सुलिन, चरबी आणि रक्तवाहिनी

इन्सुलिन हे हार्मोन साखर पेशींत पोचवतं एवढंच आपल्याला शाळेत सांगतात. ते चरबीच्या पेशींनाही सांगत असतं, 'थांब, साठा बाहेर सोडू नको.' पोटात चरबी वाढली की हा निरोप नीट पोचत नाही. चरबी सुटत राहते, लिव्हरकडे जाते, आणि लिव्हर त्याचे ट्रायग्लिसराइड भरलेले कण करून रक्तात सोडतं. हे कण आपलं ट्रायग्लिसराइड एचडीएल आणि एलडीएलच्या कणांना देऊन त्यांच्याकडचं कोलेस्टेरॉल घेतात. परिणाम: एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण छोटे होतात.

इथे फोनचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. एक जीबी जागा दोन मोठ्या व्हिडिओंनी भरते, नाहीतर हजार फोटोंनी. एलडीएलचा आकडा म्हणजे जीबी. पण रक्तवाहिनीच्या अस्तरात कण घुसतो, जीबी नाही. कण छोटे असले तर तेवढ्याच आकड्यात त्यांची संख्या जास्त. फाइली मोजायची वेगळी तपासणी असते, अपो-बी नावाची, कारण अशा प्रत्येक कणावर अपो-बीचा एकच रेणू असतो. गरज असेल तर डॉक्टर सांगतात.

शिवाय इन्सुलिन रक्तवाहिनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं, त्याने वाहिनी सैल होते. तो निरोपही नीट पोचला नाही तर वाहिनी आखडलेली राहते.

'हे सगळं पुण्या-मुंबईवाल्यांचं दुखणं,' असं आमच्याकडे काका लोक म्हणतात. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेतर्फे न्यूरोलॉजिस्ट डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी ८६ गावांत झालेल्या मृत्यूंची कारणं तपासली. १५९९ पैकी २२९ मृत्यू स्ट्रोकने, म्हणजे दर सातांत एक. मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण तेच होतं. हा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. स्ट्रोकमागे सगळ्यात मोठा हात ब्लड प्रेशरचा असतो, कोलेस्टेरॉलचा नंतर. पण बिघडते ती रक्तवाहिनीच, आणि तिला गाव-शहर कळत नाही.

मग मी काय केलं?

डॉक्टरांनी १२ तास उपाशी राहून पुन्हा तपासायला लावलं. सोबत थायरॉइड, कारण ते हार्मोन कमी पडलं तरी लिपिड बिघडतात, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. थायरॉइड ठीक. ट्रायग्लिसराइड २८६, एलडीएलच्या जागी आता आकडा आला, ११५. साखर ५.९, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडच्या पट्ट्यात. वय २८. आई रिपोर्ट बघून काही बोलली नाही, फक्त चहाचा साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

ॲप डिलीट केलं नाही, पावलं मोजायला बरं आहे. पण कॅमेऱ्यावर बोट ठेवून 'बीपी' आणि 'कोलेस्टेरॉल' सांगणारं एक ॲप होतं, ते काढून टाकलं. फोनचा कॅमेरा नाडी मोजू शकतो, कोलेस्टेरॉल नाही.

बीएमआयसोबत एक माप मात्र आजच घ्या. शिंप्याकडचा टेप पुरतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं तर ॲपमधला पट्टा हिरवा असला तरी एकदा उपाशीपोटी रक्त तपासून घ्या. माझं ९२ भरलं. पँटचा नंबर बघून अंदाज लावू नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो.