कलम ‘६६ अ’ : समाजमाध्यमांवरील निर्बंध आणि तरुणांचा लढा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ‘६६ अ’ हे संगणक किंवा मोबाइलद्वारे पाठविलेला ‘आक्षेपार्ह’ संदेश गुन्हा ठरविणारे कलम होते. २००८ च्या दुरुस्तीने ते कायद्यात समाविष्ट झाले, २७ ऑक्टोबर २००९ रोजी अमलात आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. या काळात समाजमाध्यमांवरील सरकारी निर्बंधांना जो विरोध झाला, त्यात विद्यार्थी, व्यंगचित्रकार आणि संगणक क्षेत्रातील तरुण आघाडीवर होते. न्यायालयात त्यांचा विजय झाला. मात्र तो निकाल पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचण्यास आणखी कित्येक वर्षे लागली.

कलमाचे स्वरूप

मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने हे दुरुस्ती विधेयक फारशी चर्चा न होता मंजूर केले. अतिशय आक्षेपार्ह किंवा धमकीवजा मजकूर, तसेच दुसऱ्याला त्रास व्हावा, त्याची गैरसोय व्हावी किंवा वैरभाव निर्माण व्हावा यासाठी पाठविलेला संदेश या कलमाच्या कक्षेत येत असे. शिक्षा होती तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. ‘त्रास’ म्हणजे काय आणि ‘आक्षेपार्ह’ कशाला म्हणावे, याची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती.

भारतीय दंड संहितेतील बदनामीचा गुन्हा अदखलपात्र होता आणि त्यास कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. ‘६६ अ’ खालील गुन्हा दखलपात्र असल्याने पोलिसांना वॉरंटविना अटक करता येई. परिणामी, जे वाक्य वर्तमानपत्रात छापले असता फार तर बदनामीचा खटला झाला असता, तेच फेसबुकवर लिहिणाऱ्याला त्याच रात्री कोठडीत जावे लागू शकत होते.

असंतोषाचे वर्ष

एप्रिल २०११ मध्ये केंद्र सरकारने मध्यस्थ संकेतस्थळांसाठी नियम लागू केले. तक्रार आल्यास ३६ तासांत मजकुरावर कारवाई करण्याचे बंधन त्यांत होते. डिसेंबर २०११ मध्ये तत्कालीन दूरसंचारमंत्री कपिल सिब्बल यांनी मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांनी आक्षेपार्ह मजकूर रोखावा, असा आग्रह धरला आणि तरुणांमध्ये नाराजी पसरली. ९ जून २०१२ रोजी मुंबईसह अनेक शहरांत मुखवटे घातलेल्या तरुणांनी रस्त्यावर उतरून संकेतस्थळे बंद करण्याच्या प्रकारांचा निषेध केला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना, मुख्यमंत्र्यांवरील व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठविल्याबद्दल अटक झाली. सप्टेंबरमध्ये मूळचे कानपूरचे तरुण व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. त्यांच्यावर राजद्रोहासह ‘६६ अ’ही लावण्यात आले होते.

सरकारची बाजूही पूर्णतः निराधार नव्हती. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्य भारतातील हजारो नागरिकांनी बंगळूरू, पुणे यांसारखी शहरे भीतीने सोडली होती. प्रश्न निर्बंध असावेत की नसावेत एवढाच नव्हता. हिंसेस चिथावणी देणारा मजकूर आणि कोणाला केवळ न रुचणारा मजकूर यांत कायदा भेद करतो की नाही, हा खरा प्रश्न होता.

पालघर

हा प्रश्न नोव्हेंबर २०१२ मध्ये ऐरणीवर आला. १७ नोव्हेंबर रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. त्यानंतर मुंबईत झालेल्या बंदविषयी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले आणि तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. पहिलीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. देशभर टीका झाल्यानंतर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे खटलाही बंद करण्यात आला. मात्र ‘लाइक’ केल्याबद्दलही अटक होऊ शकते, ही बाब महाविद्यालयीन तरुणांच्या मनावर खोल ठसली.

याचिका आणि निकाल

पालघरच्या घटनेनंतर अवघ्या काही दिवसांत दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्या वेळी त्या २१ वर्षांच्या होत्या. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने राज्यांना सूचना पाठवून, या कलमाखाली अटकेपूर्वी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची मंजुरी बंधनकारक असावी, असे कळविले. तरीही गुन्हे नोंदविले जात राहिले. २०१४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या सुमारास गोव्यातील एका तरुण जहाजबांधणी अभियंत्यावर फेसबुकवरील राजकीय मजकुराबद्दल गुन्हा दाखल झाला. त्यातही ‘६६ अ’ होते.

न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने २४ मार्च २०१५ रोजी निकाल दिला. हे कलम राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते आणि १९(२) मधील वाजवी निर्बंधांत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या असून पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे, हे या निकालाचे मूलसूत्र होय. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना असल्यासच मध्यस्थ संकेतस्थळावर मजकूर हटविण्याचे बंधन येते, असेही त्यात स्पष्ट झाले.

रद्द झाल्यानंतर

कलम रद्द झाले, तरी पोलीस ठाण्यांतून ते गेले नाही. कायद्याच्या अनेक छापील प्रतींत मूळ मजकूर तसाच राहिला आणि रद्द झाल्याची नोंद तळटीपेत गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालये व राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठविण्याचा आदेश दिला. जुलै २०२१ मध्ये, ११ राज्यांत ७४५ प्रकरणे अद्याप प्रलंबित असल्याची माहिती न्यायालयासमोर आली, तेव्हा न्यायमूर्तींनी धक्का बसल्याचे बोलून दाखविले. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही, असे स्पष्ट निर्देश दिले.

आजची स्थिती

निर्बंधांचा प्रश्न तेथे संपलेला नाही. संकेतस्थळ किंवा मजकूर बंद करण्याचा अधिकार देणारे कलम ‘६९ अ’ २०१५ च्या निकालाने कायम ठेवले. त्याखालील नियमांत गोपनीयतेची तरतूद असल्याने, मजकूर का बंद झाला हे लिहिणाऱ्याला अनेकदा कळत नाही. सरकारविषयीचा मजकूर खरा की खोटा हे ठरविण्याचा अधिकार केंद्राच्या कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मात्र, विनोदी कलाकार कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर, मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविली.

समाजात तेढ निर्माण करणे आणि बदनामी हे गुन्हे भारतीय न्याय संहितेत कायम आहेत; तेव्हा समाजमाध्यमांवर काहीही लिहावे, असा २०१५ च्या निकालाचा अर्थ नाही. मात्र एखाद्या तक्रारीत आजही ‘६६ अ’ नमूद असेल, तर त्या कलमाला कायद्याचे कोणतेही बळ नाही. संबंधित व्यक्तीला २०१५ चा निकाल आणि २०२२ चे निर्देश पोलीस अधिकारी व न्यायालय यांच्या निदर्शनास आणून देता येतात.