शौर्याला साक्षीदार लागतो

शौर्यपदक म्हटले की मराठी वाचकाला माणगावचा पुतळा आठवतो. नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढता लढता पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण घाडगे स्वतःहून पलटणीत गेले होते. भारतीय माणसाला सक्तीच्या भरतीचा कायदा कधी लागला नाही. त्यामुळे इथला विषय, म्हणजे सक्तीने भरती झालेला डच शिपाई आणि त्याची शौर्यपदके, यांच्याशी आपली ओळख अगदी पहिल्यापासून करून घ्यावी लागते.

नेदरलँड्समध्ये ही भरती आली नेपोलियनच्या अमलात. तरुणांनी चिठ्ठी काढायची, नंबर लागला तर जायचे. १८९८ पर्यंत पैसेवाल्याला आपल्या जागी बदली माणूस देता येई. पुढचे सांगायला नको. १९३८ पर्यंत पायदळातले शिक्षण जेमतेम साडेपाच महिन्यांचे. ऑगस्ट १९३९ अखेर बोलावणे आले तेव्हा गवळी, कारकून, सुतार असे लोक गणवेश चढवून गेले, आणि १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य आत घुसले.

त्यांना अडवण्याची एक लढाई झाली ती ऱ्हेनन गावाजवळच्या ग्रेबेबर्ग टेकडीवर; ती उंचीला जेमतेम पन्नास मीटर. आपल्या डोळ्यांना टेकाडच. तिच्यावर प्राणिसंग्रहालय होते. लढाईत पिंजरे फुटले तर काय, म्हणून तिथली हिंस्र जनावरे आधीच गोळ्या घालून मारण्यात आली. ११ ते १३ मे या तीन दिवसांत तिथे चारशेहून अधिक डच सैनिक पडले. १५ मे रोजी डच सैन्याने शरणागती लिहून दिली.

आता अभ्यासकाची अडचण पाहा. समजा, खंदकात एकटा शिपाई मशीनगन सोडत नाही. त्याच्या आसपासचे मेले, उरलेले कैद झाले. हे पाहिले कोणी? डच राणी लंडनला, सैन्य बरखास्त, देश शत्रूच्या ताब्यात. जबाब जमवून पदके देण्याचे बरेचसे काम युद्धानंतर झाले. मधल्या पाच वर्षांत किती शौर्ये साक्षीदारांबरोबर मातीत गेली, त्याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. म्हणून मी म्हणतो, पदकांचा इतिहास हा मुळात साक्षीदारांचा इतिहास आहे.

या देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान म्हणजे १८१५ सालची विलेम ऑर्डर. ती हुद्दा पाहत नाही, साधा शिपाईही तिचा मानकरी होऊ शकतो. तिच्या पांढऱ्या क्रॉसवर तीन गुणांची नावे आहेत. पहिला धैर्य, तिसरा निष्ठा. मधला शब्द ‘बेलेइड’. आजच्या डचमध्ये त्याचा अर्थ सरकारी धोरण, जुन्या डचमध्ये सावध शहाणपण. इंग्रजी भाषांतरकार इथे चाचपडतो. आपल्याकडे मात्र सरकारलाही ‘धोरण’ असते आणि माणूसही ‘धोरणी’ असतो. एरवी परका वाटणारा हा विषय इथे मराठीला सहज वश होतो.

या इतिहासाची सगळीच पाने अभिमानाची नाहीत. १९४६ पासून सक्तीचे शिपाई इंडोनेशियात लढायला धाडले गेले आणि तिथेही पदके दिली गेली. त्या युद्धातल्या टोकाच्या हिंसाचाराबद्दल डच पंतप्रधानांनी २०२२ साली माफी मागितली. तिथली प्रशस्तिपत्रे वाचताना समोरच्या गावातल्या माणसाचा जबाब कुणी घेतला होता का, हे विचारलेच पाहिजे.

 पहिले प्रशस्तिपत्र हातात येईल तेव्हा पराक्रमाचा परिच्छेद जरा थांबू द्या. आधी दोन तारखा पाहा, घटनेची आणि सन्मानाची, आणि मग शोधा की हे सांगायला जिवंत कोण उरले होते.