यादीत नाव असून भागत नाही

मुंबईच्या काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन आहे. हे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून जहाजानं आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच.

१९९५ साली मुंबईला वारसा नियमावली मिळाली. देशातली अशी ही पहिलीच. वॉटसन त्या यादीत आहे. २००६ च्या, धोक्यातल्या १०० जागतिक स्थळांच्या यादीतही ते होतं. तरी त्याचे सज्जे कोसळले आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली.

असं का होतं? यादीमुळे पाडकाम अडतं, गळती थांबत नाही. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली. तेवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती करेना, आणि भाडेकरूला ती झेपेना. डोक्यावर छत कधी पडेल या धास्तीत झोपणाऱ्या माणसाला मी नक्षीदार कठड्याचं कौतुक कुठल्या तोंडानं ऐकवू?

तिथून जवळच ओव्हल मैदान आहे. पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, पश्चिमेला आर्ट डेकोची निवासी रांग. मैदानाची दुर्दशा झाली तेव्हा १९९० च्या दशकात आसपासचे रहिवासी कोर्टात गेले. पुढे जागतिक वारशाच्या प्रस्तावामागेही नागरिकांच्या संघटना उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये युनेस्कोनं या परिसरातल्या ९४ इमारतींना मान्यता दिली. ज्यांना आपण नुसतं ‘जुनी बिल्डिंग’ म्हणायचो, त्यांचे गोलसर सज्जे आणि नावांची वळणदार अक्षरं लोक आता मान वर करून बघतात.

अर्थात ओव्हलच्या रहिवाशांकडे पैसा होता, वकील होते. गिरगावातल्या चाळीकडे ते नाहीत. म्हणून मला वाटतं, वारशाचं शिक्षण हेरिटेज वॉक आणि फोटोंवर संपू नये. आपली इमारत उपकरप्राप्त आहे का, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज कसा करायचा, हेही त्यात शिकवायला हवं. वारसा यादीत फेरबदल करायचा तर लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्या मुदतीत तुमच्या गल्लीतून एक तरी पत्र जायला हवं. आपली गल्ली वाचावी असं वाटत असेल, तर तिचे कागद वाचायला आत्ताच सुरुवात करा.