निवृत्तिवेतन आणि जपानचा कर : कोणत्या पेन्शनवर कोणाचा हक्क?

जपानमध्ये केंद्रीय आयकराखेरीज प्रांत आणि नगरपालिका मिळून साधारण १० टक्के रहिवासी कर आकारतात. १ जानेवारीला ज्या नगरपालिकेत पत्ता नोंदलेला असेल, तेथे तो भरावा लागतो. वारसा आणि अपंगत्व यांपोटीच्या जपानी सार्वजनिक पेन्शनवर दोन्ही कर नाहीत. वृद्धापकाळाच्या पेन्शनवर मात्र वजावटीनंतर ते लागतात.

भारतातून येणाऱ्या पेन्शनचा निर्णय १९८९ च्या भारत-जपान दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराने होतो. खासगी नोकरीबद्दलचे पेन्शन ज्या देशात निवास, तेथेच करपात्र ठरते. केंद्र, राज्य वा स्थानिक संस्थेच्या सेवेबद्दलच्या पेन्शनवर मात्र केवळ ते देणाऱ्या देशाचा हक्क असतो. म्हणजे लष्करातून निवृत्त होऊन तोक्योत दुसरी नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाच्या लष्करी पेन्शनवर जपान कर लावू शकत नाही. परमवीर, महावीर किंवा वीर चक्र विजेत्याचे पेन्शन तर भारतातही करमुक्त आहे. अपवाद एकच, पण मोठा : जपानचे नागरिकत्व घेतलेल्या रहिवाशाच्या बाबतीत हा हक्क जपानकडे जातो. नागरिकत्वाचा अर्ज भरताना हा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. शिवाय सरकारच्या व्यापारी स्वरूपाच्या उद्योगातील सेवेला सरकारी पेन्शनचा हा नियम लागू होत नाही.

निशी-कासाईसारख्या वस्त्यांतील बहुसंख्य मराठी नोकरदारांचा प्रश्न वेगळा आहे : परतताना कर्मचारी पेन्शन योजनेतील पैशांचे काय? किमान सहा महिने वर्गणी भरलेल्या परदेशी नागरिकाला जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो. त्यातून २०.४२ टक्के आयकर कापला जातो. पंधरा लाख येनवर ही कपात ३,०६,३०० येन होते. ती बहुधा परत मिळवता येते. जपानमध्ये कर-प्रतिनिधी नेमून ही रक्कम निवृत्ति-उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवली, की वीस वर्षांपर्यंतच्या सेवेसाठी दरवर्षी चार लाख येन वजावट मिळते. पाच वर्षांना वीस लाख. पंधरा लाखांवर मग करच उरत नाही. कंपनीने त्याच वर्षी निवृत्तिभत्ता दिला असेल, तर मात्र दोन्ही रकमा एकत्र मोजल्या जातात. परताव्याचा हा दावा पाच वर्षांपर्यंत करता येतो.

मात्र घाई महागात पडू शकते. १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू असलेल्या भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारानुसार दोन्ही देशांतील वर्गणीचा काळ जोडून जपानी पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे पुरी करता येतात. एकरकमी परतावा घेतला, की त्या आधीचा जपानमधील काळ कायमचा पुसला जातो. भारतात भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत सहा-सात वर्षे काढून आलेल्याने परताव्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी ही बेरीज करावी.